कशानं गेला? : उत्तरीय तपासणी आणि मागे राहिलेल्यांचा प्रश्न

सरकारी कागदावर शवविच्छेदनाला ‘उत्तरीय तपासणी’ म्हणतात. इथे ‘उत्तर’ म्हणजे नंतर. मरणानंतर केलेली तपासणी. घरच्या माणसांना मात्र त्या शब्दातून दुसरंच उत्तर हवं असतं. ‘कशानं गेला?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न आणि ती तपासणी यांची आपल्याकडे बरेचदा गाठच पडत नाही. ती का पडत नाही, पडली तर मागे राहिलेल्यांच्या हाती काय लागतं, आणि सध्याच्या व्यवस्थेत त्यासाठी किती जागा आहे, हे या लेखात मांडायचं आहे.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवत होते. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहून विद्यार्थ्यांना हृदय, फुप्फुसं, यकृत दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर खडवलीला राहायला आले. टिटवाळा मागे टाकल्यावर कसारा मार्गावर लागणारं हे स्टेशन. गावाला लागून भातसा नदी. कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीची तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी लोकलनं येतात ती नदीसाठी. आणि दरवर्षी, उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडाशी, कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते. मी डॉक्टर आहे एवढं गावात माहीत असल्यामुळे लोक पोलिसांकडून मिळालेली अहवालाची झेरॉक्स घेऊन घरी येतात. ‘ताई, यात काय लिहिलंय ते सांगा,’ असं म्हणतात. त्या झेरॉक्स वाचता वाचता हा विषय मनात आकार घेत गेला.

दोन तपासण्या, दोन मालक

शवविच्छेदन दोन प्रकारचं असतं. पहिलं कायद्याचं. अपघात, बुडणं, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या, खून किंवा कारण न कळलेला अचानक मृत्यू असला की पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात, पंचनामा करतात आणि मृतदेह सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात पाठवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. यासाठी नातेवाइकांची संमती लागत नाही. तपासणी पोलिसांच्या मागणीवरून होते आणि अहवालही पोलिसांकडे जातो. तिथे विचारला जाणारा मुख्य प्रश्न असा : या मृत्यूत कुणाचा हात आहे का?

दुसरं रुग्णालयीन शवविच्छेदन. रुग्ण आजारानं दगावला, संशय घेण्यासारखं काही नाही, पण नेमकं काय झालं हे डॉक्टरांना कळलेलं नाही, अशा वेळी नातेवाइकांच्या लेखी संमतीनं ते करतात. ते बहुतांशी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतच होतं. त्याचा प्रश्न वेगळा : शरीरात काय बिघडलं होतं?

तिसरा प्रकार, म्हणजे कुटुंबानं स्वतः पैसे मोजून स्वतंत्र तज्ज्ञाकडून करून घेतलेली तपासणी, आपल्याकडे प्रत्यक्षात नाही. अमेरिकेत ती आहे. तिथे काही हजार डॉलर देऊन खासगी विकृतितज्ज्ञाकडून शवविच्छेदन करून घेता येतं आणि अहवाल थेट कुटुंबाच्या हाती पडतो. इंग्लंडमध्ये कॉरोनरच्या तपासणीनंतर कुटुंबाला आपल्या खर्चानं दुसरी तपासणी करवून घेता येते. आपल्याकडे पोलीस प्रकरणात दुसरं शवविच्छेदन हवं असेल तर सहसा न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. मुंबईत १८७१ च्या कायद्याखालचं कॉरोनरचं न्यायालय १९९९ पर्यंत होतं. ठाणे-कल्याणच्या वाट्याला तेही कधी आलं नाही.

म्हणजे खडवलीतल्या एखाद्या आईला ‘माझा मुलगा कशानं गेला’ हे विचारायचं असेल, तर तिच्या वतीनं तो प्रश्न विचारणारं अधिकृतपणे कुणीच नसतं. पोलिसांचा संशय फिटला की कागद बंद होतो. तिचा प्रश्न मात्र उघडाच राहतो.

पोहता येत होतं तरी

नदीकाठच्या गावात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘त्याला तर चांगलं पोहता यायचं.’ यामागे कधी संशय असतो, कधी स्वतःवरचा दोष. कुणी ढकललं का? मित्रांनी पाजली का? मीच जाऊ दिलं नसतं तर?

बुडून झालेल्या मृत्यूच्या खुणा डॉक्टर शोधतात त्या अशा : नाकातोंडाशी पांढरा, बारीक, चिवट फेस, फुगलेली, जड झालेली फुप्फुसं, श्वासनलिकेत वाळू किंवा शेवाळ, मुठीत घट्ट धरलेलं गवत. शंका राहिली तर हाडाच्या मगजात डायटॉम नावाची सूक्ष्म शैवालं आहेत का ते पाहतात आणि नदीच्या पाण्याच्या नमुन्याशी ताडून बघतात. माणूस जिवंतपणी पाण्यात पडला असेल तरच त्याचं चालू रक्ताभिसरण ही शैवालं मगजापर्यंत नेतं, हा त्यामागचा तर्क. ही चाचणी निर्णायक नाही, आधार देणारी आहे.

एवढ्यावर अहवाल म्हणतो : ‘बुडाल्यामुळे गुदमरून मृत्यू.’ पोलिसांना ते पुरतं. पण पोहणारा मुलगा बुडाला का, हे त्यात येत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं : धार, खोली, दगडावर आपटलेलं डोकं, दारू, थकवा. क्वचित मात्र कारण हृदयात असतं. ‘लाँग क्यूटी’ नावाचा आनुवंशिक विकार आहे. त्यात हृदयाची रचना अगदी ठीक असते, बिघाड असतो तो विजेच्या लयीत. त्याच्या पहिल्या प्रकारात जोराच्या श्रमानं, विशेषतः पोहताना, ठोके अचानक बेताल होऊन शुद्ध हरपते. पाण्याबाहेर असता तर तो चक्कर येऊन पडला असता आणि कदाचित उठलाही असता. पाण्यात मात्र बुडतो. शवविच्छेदनात बुडण्याच्याच खुणा सापडतात, कारण तो खरोखर बुडालेलाच असतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या मायकेल अकरमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एका १९ वर्षांच्या तरुणीचं प्रकरण प्रसिद्ध केलं. पाण्यात बुडता बुडता बाहेर काढल्यावर ती दगावली होती. शवविच्छेदनात जपून ठेवलेल्या ऊतींतून जनुक तपासलं तेव्हा लाँग क्यूटीचा दोष सापडला. या शोधाचा उपयोग तिला होणार नव्हता. पण हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी असते. साधा ईसीजी, गरज पडली तर जनुकचाचणी, रोजची बीटा ब्लॉकर गोळी आणि काही औषधं टाळणं, एवढ्यावर धोका पुष्कळ कमी होतो.

शवविच्छेदन म्हणजे गेलेल्या माणसाची चिरफाड, असं आपण धरून चालतो आणि म्हणून ते नको म्हणतो. पण त्यातून निघणारी माहिती घरात जिवंत असलेल्यांच्या कामाची असते.

हृदय जपून ठेवा

व्यायाम करताना, लग्नात नाचताना किंवा झोपेत पंचविशी-तिशीतला माणूस जातो, तेव्हा ‘हार्ट अटॅक आला’ एवढं म्हणून विषय संपवला जातो. अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं. तरुणांत ते असतंच असं नाही. हृदयाच्या भिंती अकारण जाड होण्याचा एक आनुवंशिक विकार साधारण ५०० माणसांत एकाला असतो. तो डोळ्यांनी, वजनकाट्यावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो, पण हृदय नीट उघडून पाहिलं तरच. आपल्या लोकांत याला एक जवळचा संदर्भ आहे. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गाळलेली असण्याचा दोष दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, असं भारतीय संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. हा दोष असला की आजार होतोच असं नाही, धोका वाढतो.

डॉक्टरांनी जिवंतपणी केलेलं निदानही दरवेळी पुरं नसतं. बोस्टनच्या एका अध्यापन रुग्णालयात १९६०, १९७० आणि १९८० या तीन वर्षांतली प्रत्येकी १०० शवविच्छेदनं तपासली गेली. अभ्यास १९८३ साली छापून आला. तिन्ही काळांत सुमारे दहा टक्के रुग्णांत असं मोठं निदान निसटलेलं होतं, की ते वेळीच कळतं तर उपचार बदलले असते आणि आयुष्य कदाचित वाढलं असतं. नवी यंत्रं येऊनही हा आकडा विशेष हलला नव्हता. आपल्याकडे तर अडचण त्याच्याही आधीची आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं.

मण्यार आणि कालवण

खडवली-पडघा पट्ट्यात भातशेती आहे, वीटभट्ट्या आहेत, आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी घरं आहेत. मण्यार रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूण कित्येकदा दिसतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि श्वास थांबतो. घरच्यांना आठवतं ते फक्त रात्रीचं जेवण. एका बाईनं मला सांगितलं, नवरा गेल्यावर दोन वर्षं सासरचे तिच्या हातचं खात नव्हते. ‘कालवणात काय घातलं होतंस?’ हे तिला सरळ कुणी विचारलं नाही, पण तिला ते रोज ऐकू यायचं.

तिच्या नवऱ्याच्या अहवालात मृत्यूच्या कारणासमोर लिहिलं होतं : ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन.’ हे वाक्य खूप अहवालांत असतं आणि ते कुणी समजावून सांगत नाही. अर्थ इतकाच, की जठर, आतड्याचा भाग, यकृताचा तुकडा, मूत्रपिंडांचे भाग आणि रक्त असे नमुने विषाच्या शोधासाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. आपल्याकडे ती कलिन्याला आहे. तिथून उत्तर यायला महिने लागतात. ते पोलिसांकडे येतं आणि मागायला गेलं तरच घरी पोचतं. या बाईचं उत्तर आलं होतं : कोणतंही विष आढळलं नाही. साप चावल्याचं ते सिद्ध करत नव्हतं, कारण सापाचं विष शोधण्याची चाचणी यात नेहमी होत नाही. पण कालवण निर्दोष ठरलं होतं. तो कागद कित्येक महिने फाइलमध्ये पडून होता.

या कागदाला रोकड किंमतही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं किंवा बुडून शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतही अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. लोकलमधून पडून प्रवासी गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाखांची भरपाई मागता येते. या सगळ्यांत मृत्यू अपघाताचा होता हे दाखवावं लागतं, आणि उत्तरीय तपासणीचा अहवाल हा त्यातला मोठा पुरावा. ‘बॉडी कापायला नको’ म्हणून, ओळखीपाळखी लावून घाईनं अंत्यसंस्कार उरकणाऱ्या कुटुंबाला हे नंतर कळतं. ‘मिलियन डेथ स्टडी’ या मोठ्या अभ्यासानं घरोघर विचारपूस करून २००५ या वर्षातले भारतातले सर्पदंशाचे मृत्यू सुमारे ४६ हजार असल्याचा अंदाज काढला. रुग्णालयांच्या नोंदीत त्यातले फारच थोडे होते.

प्रश्न व्यवस्थेलाच असेल तेव्हा

मृत्यू सरकारच्या ताब्यात झाला तर अहवालाचं मोल आणखी वाढतं. परभणीचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत दगावला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला धक्का हे कारण नोंदवलं गेलं. मारहाण झाली नाही असा सरकारी पवित्रा होता. त्याच्या आईनं उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. एका आईच्या शब्दाला बळ आलं ते डॉक्टरांनी शरीरावरच्या जखमा मोजून लिहून ठेवल्या म्हणून. तो मृतदेह न तपासता दहन झाला असता, तर एका बाजूला तिचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला यंत्रणेचा, एवढंच उरलं असतं.

विश्वास कशानं तुटतो

मग लोक नाही का म्हणतात? धर्माचा अडसर सांगितला जातो, पण आपल्या परंपरेला देहाचा अभ्यास परका नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि सात रात्रींनी त्याचा थर थर अभ्यास करावा, अशी रीत दिली आहे. लोकांचा खरा अनुभव वेगळाच असतो : शवागाराबाहेरची तासन् तास वाट, उत्तर न देणारी माणसं, आत काय केलं हे न सांगता बांधून दिलेला देह. छाती-पोटावर एक छेद आणि डोक्यावर केसांत एक छेद असतो, दोन्ही शिवून देतात, चेहऱ्याला धक्का लागत नाही, हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं तरी निम्मी भीती जाते.

विश्वास तुटला की काय होतं ते इंग्लंडनं पाहिलं. लिव्हरपूलच्या आल्डर हे बालरुग्णालयात मुलांच्या शवविच्छेदनानंतर त्यांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवून घेतल्याचं १९९९ मध्ये उघड झालं. काही पालकांना पुन्हा पुन्हा अंत्यसंस्कार करावे लागले. त्यातून संमतीला केंद्रस्थानी ठेवणारा २००४ चा मानवी ऊती कायदा आला. शवविच्छेदनाचं मोल सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही. नमुना काय ठेवला, किती, कशासाठी, हे विचारण्याचा हक्क कुटुंबाचा आहे.

कमी चिरफाडीचे मार्गही आले आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून सीटी स्कॅनच्या साहाय्यानं आभासी शवविच्छेदन होतं. सुईनं मोजक्या अवयवांचे बारीक नमुने घेण्याची पद्धत दावणगेरेत मृत जन्मलेल्या आणि नवजात बाळांसाठी वापरली गेली. बाळाला उघडायला तयार नसलेल्या आईबापांना हा मार्ग सोपा जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही तपासणीला परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताच्या संशयाची प्रकरणं यातून एरवी वगळलेली आहेत. बाकीच्यांची रात्रभराची वाट तरी यामुळे टळू शकते.

आज काय करता येईल

खासगी शवविच्छेदन केंद्रं उद्या कल्याणात निघाली तर उत्तर मिळेल, पण ज्याला परवडेल त्यालाच. मला त्याहून जवळचा उपाय दिसतो. सरकारी टेबलावर तपासणी होतेच आहे. तिच्यात कुटुंबाचा प्रश्न घालायचा.

त्यासाठी पहिल्या काही तासांत घरातल्या एका शांत माणसानं पोलीस आणि डॉक्टर दोघांना चार गोष्टी सांगाव्यात : मृताला आधी कधी श्रम करताना किंवा पोहताना चक्कर आली होती का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, कोणती औषधं चालू होती, आणि आदल्या रात्री नेमकं काय काय झालं. मृत तरुण असेल आणि कारण दिसत नसेल, तर हृदय फॉर्मेलिनमध्ये ठेवून विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवावं आणि थोडं रक्त ईडीटीए नळीत जनुकचाचणीसाठी राखावं, अशी लेखी विनंती करावी. फॉर्मेलिनमधल्या ऊतीतून जनुक नीट वाचता येत नाही, म्हणून रक्त वेगळं. डॉक्टरांना ही विनंती बंधनकारक नाही. तरी पुष्कळजण ऐकतात, कारण सहसा त्यांना कुणी काही सांगतच नाही. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक लिहून घ्यावा. अहवालाची प्रत अर्ज करून मागावी आणि व्हिसेराच्या अहवालाचा पाठपुरावा करावा. मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं केली आहे. ती मागून घ्यावी. तरुण मृत्यूनंतर आईवडील आणि भावंडांचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावी.

शवविच्छेदन सगळं सांगत नाही, हेही आधी माहीत असावं. पाण्यात पडलेला माणूस घसरला की त्यानं उडी मारली, हे फुप्फुसं सांगू शकत नाहीत. काही तपासण्यांनंतरही कारण अज्ञातच राहतं. पण ‘शोधलं आणि सापडलं नाही’ हे ऐकलेलं घर आणि कुणी शोधलंच नाही असं वाटत राहणारं घर, यांत मी फरक पाहिला आहे.

शासनाकडे मागायची गोष्ट फार खर्चाची नाही. प्रत्येक उपजिल्हा आणि पालिका रुग्णालयात महिन्यातून ठरावीक दिवशी एका डॉक्टरनं नातेवाइकांना बसवून अहवाल मराठीत समजावून सांगावा. माणशी अर्धा तास. शेवटचा अहवाल आल्यावर त्यांना फोन जावा. त्या बाईच्या घरी असा फोन वेळेत गेला असता, तर तिच्या हातचं जेवण कितीतरी आधी सासरच्यांच्या ताटात पडलं असतं.